मापाची सायकल

सदरा शिवावयाचा असला म्हणजे आपण शिंप्यापुढें उभे राहून छाती, बाही आणि उंची यांचीं मापें देतों. जोडा घ्यावयाचा असला तर दुकानांतच चार पावलें टाकून तो चावतो कीं काय हें पाहतों. डोळे तपासल्यावांचून तर कोणी चष्मा लावीतच नाहीं. परंतु ज्या वाहनावर आपण रोज अर्धा-पाऊण तास बसतों, ज्यावर दोन हात, दोन पाय आणि बैठक अशा पांच ठिकाणीं देहाचा सारा भार वांटला जातो, त्या सायकलीसाठीं आपलें माप आपण कोणालाच देत नाहीं. दुकानदार ती जशी जोडून देतो तशी आपण ती घरीं आणतों. आणि मग सायकल अंगाला बसवावयाची सोडून वर्षानुवर्षें आपलें अंगच सायकलीला बसवीत राहतों. पाठ दुखते, गुडघे कुरकुरतात, तळहातांना मुंग्या येतात. आणि आपण म्हणतों, ‘आतां वय झालें’ किंवा ‘सायकल आपल्याला मानवत नाहीं.’ वस्तुतः वयाचा किंवा सायकलीचा त्यांत कांहीं दोष नसतो. दोष असतो तो दोन-अडीच इंचांचा, आणि तो एका साध्या पान्यानें दूर होण्यासारखा असतो. हीच गोष्ट आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

हा विषय मीं पुस्तकांवरून घेतलेला नाहीं. माझ्या स्वतःच्या घरांत जी चूक घडली तिच्यावरून तो मला सुचला. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

मी उस्मानपुऱ्यांत राहतों. पूर्वीचें औरंगाबाद आणि आतांचें छत्रपती संभाजीनगर या शहरांतील हा भाग क्रांती चौकाकडून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास वसलेला आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन हीं दोन्ही येथेंच असल्यामुळें या भागांत विद्यार्थ्यांची वर्दळ मोठी. आमच्या लहानपणीं ही वर्दळ मुख्यत्वें सायकलींची असे. आज त्या रस्त्यावर मोटारसायकली आणि रिक्षा यांचें राज्य आहे, तरीही सकाळच्या शिकवणीच्या वेळीं पाठीवर दप्तर टाकून निघालेलीं सायकलस्वार मुलें-मुली अजून दिसतात.

त्यांतच माझी एक पुतणी होती. आठवींत गेली तेव्हां तिला नवी सायकल घेतली. तिला बसावयाला मींच शिकविलें. त्या वेळीं मीं काय केलें, तर सीट अगदीं खालपर्यंत उतरविली आणि तिला सांगितलें, ‘दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, म्हणजे पडण्याची भीति नाहीं.’ शिकणाऱ्याला हा सल्ला वाईट नव्हे. परंतु ती शिकली, सफाईनें चालवूं लागली, दोन वर्षांत चांगली वीतभर उंच झाली. आणि सीट मात्र मीं ठेवली होती तेथेंच राहिली. दहावीच्या वर्षीं ती म्हणूं लागली, ‘काका, गुडघे दुखतात हो.’ डॉक्टरांनीं तपासलें. सांध्यांत कांहीं दोष आढळला नाहीं. थोडी विश्रांति घ्यावी असें ठरलें. सायकल जिन्याखालीं गेली. मग तिला शिकवणीला कोणी तरी पोंचवावयाचें आणि कोणी तरी आणावयाचें असें सुरू झालें. सकाळीं साडेसहाच्या तासाला पोंचविणारें कोणी मिळेना, तेव्हां तो तास सुटला. जी मुलगी स्वतःच्या पायांवर शहरभर हिंडत होती, ती घरांतल्या मोठ्या माणसांच्या सवडीवर अवलंबून राहिली.

पुढें सायकल विकून टाकावी म्हणून मी ती एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलों. पुतणी बरोबर होती. त्यांनीं तिला एकदां सायकलीवर बसावयास सांगितलें, दहा पावलें चालवून पाहावयास सांगितलें, आणि ते हसून म्हणाले, ‘साहेब, पोर वाढली, सायकल जिथल्या तिथंच राहिली.’ त्यांनीं पाना काढला, आणि पांच मिनिटांत सीट सव्वादोन इंच वर केली. ती सीट खालीं उतरविणारा मीच होतों, आणि दोन वर्षें रोज ती डोळ्यांसमोर असतांना मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नव्हतें.

श्रोतेहो, हें वाचावयास किंवा ऐकावयास जितकें सोपें वाटतें तितकें तें मुलीला सोपें गेलें नाहीं. सीट वर होतांच तिचे पाय जमिनीला टेकेनात. ती घाबरली, आणि ‘पुन्हां खालीं करा’ असें म्हणूं लागली. येथेंच या सगळ्या प्रश्नाची गांठ आहे. आपल्याकडे सायकलीची उंची गुडघा ठरवीत नाहीं, भीति ठरविते. म्हणून ही गांठ आधीं सोडवूं.

थोडें गणित करून पाहा. साधारण मोठ्या सायकलीवर पायडल फिरत फिरत अगदीं खालीं येतें, तेव्हांहि तें जमिनीपासून सुमारें चार-पांच इंच वर असतें. तसें नसतें तर वळणावर तें रस्त्याला घांसलें असतें. आतां सीटवर बसल्या बसल्या ज्याचे तळवे जमिनीला सपाट टेकतात, त्याचा पाय खालच्या पायडलवर असतांना चार-पांच इंचांनीं आंखडलेला राहणारच. पायडल वर आलें म्हणजे तर गुडघा छातीकडे चढतो. अशा रीतीनें दुमडलेल्या गुडघ्यावर जोर देणें म्हणजे उकिडवें बसून वारंवार अर्धवट उठण्यासारखें आहे. मिनिटाला साठ फेरे धरले तर अर्ध्या तासांत प्रत्येक गुडघ्याला अशा अठराशें बैठका होतात. गुडघ्यानें तक्रार केली तर नवल काय?

तात्पर्य, पाय जमिनीला पुरते टेकणें आणि पाय पायडलवर नीट पसरणें या दोन गोष्टी जुन्या पद्धतीच्या सायकलीवर एकाच वेळीं साधत नाहींत. यांतून मार्ग एकच. थांबावयाचें असेल तेव्हां सीटवर बसून राहूं नये. ब्रेक दाबावा, एक पायडल खालीं ठेवून त्यावर उभें राहावें, सीटवरून पुढें सरकून दुसरा पाय जमिनीला लावावा. निघतांना वर आलेल्या पायडलवर भार द्यावा, म्हणजे सायकल पुढें जाते आणि त्याच वेळीं अंग सीटवर चढतें. ही हातोटी रिकाम्या मैदानांत आठ दिवस सकाळीं शिकली म्हणजे चौकांतल्या सिग्नलपाशींहि भीति वाटत नाहीं. माझ्या पुतणीला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशीं ती एकटी क्रांती चौक ओलांडून गेली. गुडघेदुखी महिन्याभरांत नाहींशी झाली. सकाळचा तो तास मात्र त्या वर्षापुरता गेला तो गेलाच. त्याची रुखरुख मला अजून आहे, आणि हें भाषणहि त्या रुखरुखींतूनच आलेलें आहे.

सायकल अंगाच्या मापाची असावी हा विचार कांहीं नवा नाहीं. उलट सायकलीच्या जन्मापासूनचा तो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी उंच सायकल विलायतेंत प्रचारांत होती, तिचें पुढचें चाक पुरुषभर उंच आणि मागचें अगदीं चिमुकलें असे. पायडलें त्या मोठ्या चाकाच्या आंसालाच लावलेलीं असत. चाक जितकें मोठें तितका वेग अधिक; परंतु स्वाराचा पाय जेवढा लांब त्याहून मोठें चाक त्याला चालवितांच येत नसे. म्हणून त्या काळीं सायकल विकत घेतांना पायाचें माप द्यावेंच लागे. पुढें १८८५ मध्यें इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. दोन्ही चाकें सारख्याच बेताचीं, आणि पायडलचा जोर साखळीनें मागच्या चाकाला. १८८८ मध्यें डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें, आणि आज आपण ओळखतों ती सायकल तयार झाली. साखळीमुळें चाकाचें माप आणि पायाचें माप यांची फारकत झाली. एकच सायकल उंच माणसाला चालूं लागली आणि ठेंगण्यालाहि. अट एवढीच कीं, सीट आणि हँडल यांचे दांडे नळींत वर-खालीं सरकवून ती ज्याची त्यानें आपल्या अंगाला बसवून घ्यावी. कारखानदारानें ही सोय दिली. आपण तिचा उपयोग करावयास विसरलों.

त्याच १८८८ सालीं आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि लोकांना सायकलीवर बसावयासहि ते शिकवीत, हें पुष्कळांना ठाऊक असेल. एका मोठ्या मराठी उद्योगाचा आरंभ सायकलीच्या दुकानापासून झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सायकल विकणें आणि तिच्यावर माणूस नीट बसविणें हीं दोन्ही कामें त्या आरंभींच्या काळांत एकाच माणसाचीं होतीं. आज पहिलें काम दुकानदाराकडे राहिलें आहे. दुसरें कोणाकडेच राहिलेलें नाहीं. म्हणून तें घरच्या घरीं कसें करावें तें आतां क्रमानें सांगतों. साहित्य फारसें लागत नाहीं : एक पाना, शिंप्याची फीत, एक जाडसर पुस्तक, दोरा, आणि धरावयाला एक माणूस.

पहिली गोष्ट फ्रेमची. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलींच्या फ्रेमा मुख्यत्वें बावीस आणि चोवीस इंची असतात. वडिलांची सायकल मुलाकडे येते तेव्हां हा विचार बहुधा होत नाहीं. माझे वडील उंच होते. त्यांची चोवीस इंची सायकल मीं कित्येक वर्षें वापरली आणि कंबरदुखीचें खापर कचेरींतल्या खुर्चीवर फोडलें. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहा. वरची नळी आणि आपलें अंग यांत इंच-दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर ती फ्रेम आपली नव्हे. तिच्यावर कितीहि पाना चालविला तरी उपयोग नाहीं. लहान मुलें मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून वांकडीं होऊन चालवीत, त्याची आठवण आपणांपैकीं अनेकांना गोड वाटत असेल. परंतु ती गरज होती, रीत नव्हे.

दुसरी गोष्ट सीटच्या उंचीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. तिची ढोबळ परीक्षा अशी. नेहमीं घालतां तींच पादत्राणें घाला. सायकल भिंतीशीं धरा किंवा कोणाला तरी धरावयास सांगा. सीटवर सरळ बसा आणि टांच पायडलवर ठेवून पायडल अगदीं खालीं न्या. अशा स्थितींत गुडघा नुकताच सरळ झाला पाहिजे, आणि त्यासाठीं कंबर एका बाजूला झुकतां कामा नये. मग चालवितांना पाय जेव्हां टांचेऐवजीं चवड्यावर येतो, तेव्हां गुडघ्याला आपोआप थोडासा बांक राहतो. हा बांक पंचवीस ते पस्तीस अंशांचा असावा असा आजच्या जाणकारांचा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. पायडलवर पाऊल ठेवावयाचें तें चवड्याचें, तळपायाच्या खळग्याचें नव्हे, हेंहि येथेंच ध्यानांत ठेवावें.

ज्यांना आंकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठीं दुसरी रीत. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पुस्तक उभें धरून त्याचा कणा दोन्ही मांड्यांच्या मध्यें वर, जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत न्या, आणि त्या उंचीवर भिंतीला खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर म्हणजे आपल्या पायाची आंतली लांबी. ती ८० सेंटिमीटर आहे असें समजूं. १९६७ मध्यें हॅम्ली आणि टॉमस या संशोधकांनीं असें मांडलें कीं, खालच्या पायडलच्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर या लांबीच्या १०९ टक्के असावें. म्हणजे आपल्या उदाहरणांत तें ८७.२ सेंटिमीटर झालें. दुसरा नियम अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नांवानें ओळखला जातो. त्याप्रमाणें लांबीला ०.८८३ नें गुणावें, आणि येणारें अंतर पायडलांच्या मधल्या आंसापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावें. ८० ला गुणलें कीं ७०.६ येतात. आतां पहिल्या उत्तरांतून पायडलच्या दांड्याची सुमारें १७ सेंटिमीटर लांबी वजा केली तर ७०.२ उरतात. दोन्ही वाटा बहुतेक एकाच गांवाला जातात. तरीहि हे आंकडे आरंभ करण्यापुरतेच मानावे. शेवटचा निवाडा गुडघ्याचाच.

सीट वर करतांना एक खबरदारी अवश्य घ्यावी. तिच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती खूण नळीच्या बाहेर दिसूं लागेल इतका दांडा वर काढूं नये. खूण नसेल तर निदान अडीच-तीन इंच दांडा आंत राहिलाच पाहिजे. नाहीं तर भर रस्त्यांत तो वांकतो किंवा मोडतो. आणि एकाच दिवशीं दोन इंचांची उडी मारूं नये. थोडें थोडें वर करीत आठवडाभरांत नेमक्या जागीं यावें. आमच्या मिस्त्रींनीं एकदम केलें, म्हणून मुलगी घाबरली, असें मला मागाहून वाटलें.

तिसरी गोष्ट सीटच्या पुढें-मागें असण्याची. सीटच्या खालीं ती एका पकडींत धरलेली असते. पकड सैल केली म्हणजे ती पुढें-मागें सरकते. दोन्ही पायडलें आडव्या रेषेंत आणा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला एखादें नट बांधून ओळंबा सोडा. दोरा पायडलच्या आंसावरून किंवा त्याच्या किंचित् मागून गेला म्हणजे जागा ठीक आहे असें समजावें. हा नियम अनुभवाचा आहे, तो कांहीं सृष्टीचा कायदा नव्हे. परंतु कोठून तरी आरंभ करावयास तो बरा पडतो. सीट मागें नेली म्हणजे पायडल पायापासून लांब जातें, म्हणून त्यानंतर उंची पुन्हां एकवार तपासावी.

चौथी गोष्ट सीटच्या कलाची. सीट साधारणपणें सपाट असावी. तीवर गवंड्याची पाणसळ ठेवली तर बुडबुडा मध्यें राहावा. नाक वर उचललेलें असेल तर नाजूक भागावर दाब येऊन बधिरता येते. याला कंटाळून पुष्कळ जण नाक फारच खालीं करतात. मग अंग सारखें पुढें घसरतें आणि सगळा भार मनगटांवर येतो. गरज वाटल्यास एखाद-दुसरा अंश खालीं करावें, त्याहून अधिक नको. सीट मऊ असली म्हणजे सुखाची असते हाहि एक भ्रम आहे. बसतांना भार घेणारीं दोन हाडें असतात. त्यांना खालून आधार मिळेल एवढी सीट रुंद हवी. ताठ बसून चालविणाऱ्याला रुंद सीट लागते, पुढें वांकून चालविणाऱ्याला अरुंद चालते. स्त्रियांच्या या हाडांतील अंतर सामान्यतः थोडें अधिक असतें. म्हणून घरांतील पुरुषाची अरुंद सीट बाईंना टोंचते, यांत त्यांचा नाजूकपणा नसून सीटचा दोष असतो.

पांचवी गोष्ट हँडलची. रोजच्या कामाच्या सायकलीवर हँडल सीटच्या बरोबरीनें किंवा थोडें वर असावें. हात ठेवल्यावर कोंपरांत किंचित् बांक राहावा आणि खांदे कानांकडे चढूं नयेत. हँडल फार लांब किंवा फार खालीं असेल तर मान, खांदे आणि तळहात बोलूं लागतात. जुन्या पद्धतीच्या हँडलच्या माथ्यावर एक बोल्ट असतो. तो सगळा काढूं नये. दोन-तीन आटे सैल करावा, त्यावर लांकडाचा तुकडा ठेवून हातोडीनें हलकेच ठोकावा. म्हणजे आंतली पाचर सुटते आणि दांडा वर-खालीं होतो. येथेंहि कमाल उंचीची खूण पाळावयाचीच. काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. हँडल वर गेलें कीं त्यांच्या सळयाहि ओढल्या जातात. म्हणून त्या सैल करून पुन्हां जुळविल्यावांचून रस्त्यावर निघूं नये. नव्या सायकलींपैकीं पुष्कळांत हँडलची उंची त्याच्या खालच्या कड्यांवर अवलंबून असते आणि ती फार बदलत नाहीं; म्हणून ती विकत घेतांनाच पाहावी. सर्व झाल्यावर पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल पिळून पाहावें. तें हललें तर बोल्ट अजून सैल आहे. ब्रेकच्या मुठी अशा वळवाव्या कीं, बोटें ठेवल्यावर हात आणि मनगट एका रेषेंत राहतील.

आतां या सगळ्याचा सारांश दुखण्याच्या भाषेंत सांगतों, म्हणजे तो लक्षांत राहील. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खालीं आहे किंवा फार पुढें आहे. गुडघ्याची मागची बाजू ओढल्यासारखी होत असेल, किंवा मागून पाहणाराला कंबर डोलतांना दिसत असेल, तर ती फार वर आहे. तळहात बधिर होत असतील तर भार पुढें आला आहे. सीटचें नाक खालीं झुकलें आहे काय, हँडल फार खालीं आहे काय, हें पाहावें. मान अवघडत असेल तर हँडल लांब आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीहि पाव इंचाहून अधिक नको. तीन-चार दिवस चालवून पाहावें आणि मग पुढच्या गोष्टीला हात घालावा. सगळेंच एकदम बदललें तर कशानें बरें वाटलें आणि कशानें बिघडलें हें कधींच कळत नाहीं. टायरांत हवा पुरेशी आहे ना, हें मात्र सर्वांआधीं पाहावें. आणि हें सारें करूनहि दुखणें राहिलें, किंवा गुडघ्याला सूज आली, तर पाना बाजूला ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा हें सांगावयास नकोच.

एका घरांत एकच सायकल आणि तीन स्वार असतील तर काय करावें? त्यालाहि उपाय आहे. सीटच्या दांड्यावर प्रत्येकाच्या उंचीची वेगळ्या रंगाची रेघ ओढावी. आईची तांबडी, मुलाची निळी, अशी. ज्यानें सायकल बाहेर काढावी त्यानें आपल्या रेघेवर सीट आणावी. अर्ध्या मिनिटाचें काम आहे. आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींची उंची आपण वाढदिवसाला दारावर खूण करून मोजतों ना, त्याच दिवशीं त्यांच्या सायकलीची सीटहि तपासण्याची प्रथा घराघरांत पडावी.

हें मी विशेष आग्रहानें सांगतों, याला कारण आहे. आपल्या राज्यांत मानव विकास कार्यक्रमाखालीं आठवी ते बारावीच्या वर्गांतील, शाळेपासून पांच किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. बिहारांत २००६ सालीं नववींतल्या मुलींसाठीं अशीच योजना निघाली, आणि तिच्यामुळें मुलींचें शाळेंत जाण्याचें प्रमाण वाढलें असें अभ्यासकांना दिसून आलें. एका मुलीच्या हातीं सायकल येणें म्हणजे तिच्या शाळेचें अंतर कमी होणें. परंतु तेराव्या वर्षीं मिळालेली सायकल सतराव्या वर्षींपर्यंत पुरावयाची असेल, तर मधल्या चार वर्षांत तिची सीट कोणी तरी वर करावयास पाहिजे. नाहीं तर ती सायकल माझ्या पुतणीच्या सायकलीसारखी जिन्याखालीं जाईल, आणि कारण विचारलें तर घरचीं माणसें सांगतील, ‘तिला सायकल मानवली नाहीं.’ प्रत्येक शाळेंत एक पाना असावा आणि सत्राच्या आरंभीं एक दुपार या कामासाठीं राखून ठेवावी, एवढीच माझी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंति आहे. हें काम मुलामुलींनाच शिकवावें. एकदां पाना हातीं धरलेली मुलगी पुढें दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसत नाहीं.

मनुष्याचें शरीर सायकलीवर किती सोसूं शकतें, याचें उदाहरण आपल्याच मुंबईनें घालून दिलें आहे. १९२३ मध्यें तेथून कांहीं पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले, आणि अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैल चालून १९२८ मध्यें परत आले. आपणांस एवढें कोठें जावयाचें आहे? आमच्या उस्मानपुऱ्यांतून निघालें तर दौलताबादचा किल्ला पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि खुलताबादचा चढ चढून उतरलें तर तीस किलोमीटरांवर वेरूळचीं लेणीं आहेत. मिस्त्रींच्या त्या पांच मिनिटांनंतर मींहि वडिलांची चोवीस इंची सायकल एका उंच शेजाऱ्याला दिली आणि माझ्या मापाची घेतली. गेल्या हिंवाळ्यांत एका रविवारीं सकाळीं मी आणि पुतणी दौलताबादेपर्यंत जाऊन आलों. परतीच्या वाटेवर ती माझ्या बरीच पुढें होती. पाठ दुखली नाहीं, गुडघे बोलले नाहींत. वय तेंच होतें, रस्ता तोच होता.

तेव्हां श्रोतेहो, येत्या रविवारीं एवढें करा. आपल्या घरांतील, किंवा जिन्याखालीं धूळ खात पडलेली, सायकल बाहेर काढा. टायरांत हवा भरा. घरांतल्या कोणाला तरी ती धरावयास सांगा, वर बसा, टांच खालच्या पायडलवर ठेवा आणि गुडघा सरळ होतो कीं नाहीं एवढेंच पाहा. होत नसेल तर पाना घ्या.